आकडेमोडीसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय: ग्राफिक्स कार्ड की रॅम? (गोव्याच्या दमट हवेसकट सल्ला द्या)

पागोळी | ३ जून, रात्री १०.१५
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

पश्चिम घाटातल्या अतिवृष्टीवर पीएचडी करतेय. डेटा दोन ठिकाणचा. हवामान खात्याचा रोजचा पाऊस, पाव अंशाच्या चौकोनांचा, १९०१ पासूनचा. आणि युरोपच्या हवामान केंद्राचा इरा-५ हा संच, तोही पाव अंशाचा, पण तासागणिक. काम बहुतेक 'आर' या संख्याशास्त्राच्या भाषेत, थोडं पायथनमध्ये. सध्याचा लॅपटॉप सहा वर्षांचा, रॅम ८ जीबी. इरा-५ ची तीस वर्षं एकत्र करायला घेतली की पंखा घोंघावतो, पडदा गोठतो आणि शेवटी 'कॅनॉट अलोकेट व्हेक्टर' म्हणून आर अंग टाकतो. काल तर माउसचा बाणही हलेना, बटण दाबून बंद केला.

बजेट सव्वा लाख. शनिवारी पणजीत एका दुकानात गेले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "स्टॅटिस्टिक्स म्हणजे एआयच ना मॅडम? मग ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घ्या, रॅम १६ पुरे." कीबोर्डखाली चवथीच्या मखरासारखे दिवे लुकलुकत होते. बाबा म्हणतात डेस्कटॉप घे. आमचं घर फोंडा तालुक्यात कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते आणि वीज दिवसातून दोनदा तरी जाते. काय करू?

शून्य_गृहीतक | ३ जून, रात्री १०.३२
शून्य गृहीतक: दुकानातल्या मुलाला आर म्हणजे काय ते माहीत नाही. नाकारायला पुरेसा पुरावा आढळला नाही.
(दिवे घ्या)

फोंडेकर | ३ जून, रात्री ११.२०
ताई, दुकानात जायच्या आधी कागद-पेन्सिल घ्या. तुम्ही इरा-५ अख्ख्या देशाच्या चौकटीचा उतरवलाय ना? ६ ते ३८ उत्तर, ६६ ते १०० पूर्व धरलं तर १२९ गुणिले १३७, म्हणजे १७,६७३ ठिपके. वर्षाचे तास ८,७६०. गुणाकार १५ कोटी ४८ लाख. आर प्रत्येक दशांश आकड्याला ८ बाइट लावतो, म्हणजे एका वर्षाचे सव्वा जीबी. तीस वर्षांचे ३७ जीबी. ८ जीबीत ते मावत नाही यात लॅपटॉपचा काही दोष नाही, कळशीत विहीर भरायचा प्रकार आहे.

फाईल डिस्कवर लहान दिसते कारण तिच्यात आकडे दाबून भरलेले असतात. आरमध्ये आले की भिजत घातलेल्या वाटाण्यासारखे फुगतात. त्यात आरची खोड अशी की वस्तूत बदल करायला गेलात की पुष्कळदा आधी तिची पूर्ण नक्कल करतो. म्हणून डेटाच्या तिप्पट रॅम हा माझा हिशोब.

आता तुमचा विषय घाट. ८ ते २१ उत्तर आणि ७२.५ ते ७७.५ पूर्व एवढीच पट्टी कापा. ५३ गुणिले २१, एकूण १,११३ ठिपके. तीस वर्षांचे तासागणिक आकडे २.३४ जीबी. रोजची बेरीज करून ठेवलीत तर १०० एमबीसुद्धा नाही. कापाकापीला सीडीओ नावाचं फुकट साधन आहे, फाईल रॅममध्ये अख्खी न उचलता काम करतं. ते आधी करा, मग खरेदी.

मत विचाराल तर डेस्कटॉप, ६४ जीबी, आणि तेही ३२ च्या दोन पट्ट्या. १६ च्या चार नकोत. डीडीआर-५ या नव्या जातीच्या रॅममध्ये चारही खाचा भरल्या की बरेच मदरबोर्ड रॅमचा वेग खाली आणतात. एकच पट्टीही नको, जोडीत दोन वाटांनी डेटा जातो.

बेती_फेरी | ४ जून, सकाळी ८.०५
गोव्यात तालुके १२. रॅम ६४ जीबी. दर तालुक्याला पाच जीबी पडले की हो! आमच्या पंचायतीला एवढं बजेट नाही.

फोंडेकर | ४ जून, सकाळी ८.४०
@बेती_फेरी, धुक्यात फेरी अडकली वाटतं, म्हणून सकाळी सकाळी इथे?

मध्यक | ४ जून, सकाळी ११.१०
ग्राफिक्स कार्डाबद्दल कोणीच नीट बोललं नाही, म्हणून मी.

कार्ड वाईट नाही, ते दुसऱ्या कामाचं आहे. न्यूरल नेटवर्क शिकवायचं असेल तर चार बाइटांचे, दोन बाइटांचे आकडे चालतात आणि तिथे कार्ड पळतं. आपल्या संख्याशास्त्रात मात्र जवळपास सगळं आठ बाइटांत, म्हणजे डबल प्रिसिजनमध्ये. गेमिंग कार्डांचा त्यातला वेग ती बनवणाऱ्या एनव्हीडियाने मुद्दाम आखडता ठेवलाय. ॲम्पियर आणि एडा पिढीच्या गेमिंग कार्डांत तो सिंगल प्रिसिजनच्या, म्हणजे चार बाइटांच्या वेगाच्या, एक चौसष्टांश आहे. रुपयाचे दीड पैसे. शिवाय आरमधली रोजची फंक्शनं कार्डाकडे बघतसुद्धा नाहीत, त्यासाठी वेगळी पॅकेजेस लागतात. पुढे पावसाच्या अंदाजाला डीप लर्निंग करणार असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डेस्कटॉपात कार्ड मागाहून बसवता येतं. लॅपटॉपात येत नाही.

दुसरं म्हणजे बारीक लॅपटॉप पहिली पाच मिनिटं पळतो. मग तापतो, स्वतःच वेग उतरवतो, आणि पुढचे सहा तास बैलगाडी. दुकानात पाच मिनिटांच्या वर कोण बघतो?

भंगार_सम्राट | ४ जून, दुपारी १.५५
नवं कशाला घेता? मोठ्या कंपन्या सर्व्हर काढून टाकतात, ते झिऑन या सर्व्हरच्या प्रोसेसरची वर्कस्टेशनं होऊन बाजारात येतात. माझ्याकडे ई५-२६८० व्ही४ आहे. १४ कोअर, २८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करणारी रॅम. सव्वा लाखाच्या निम्म्यातही पडलं नाही.

मध्यक | ४ जून, दुपारी २.३०
आणि आवाज? आणि बिल? तो २०१६ चा प्रोसेसर, एकटा १२० वॅट खातो.

खरी अडचण पुढे आहे. आरचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं. तुमचे १४ कोअर असतील, पण त्यातला एकेक दहा वर्षांचा म्हातारा. नव्या साध्या सहा कोअरवाल्याचा एक कोअर त्याला सहज मागे टाकतो. काम समान तुकड्यांत वाटता आलं, उदाहरणार्थ हजार बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं), तर तुमचं यंत्र चांगलं. नाहीतर तेरा जण बघे आणि एक जण खणतोय, रस्त्याच्या कामासारखं.

भंगार_सम्राट | ४ जून, दुपारी २.४१
ईसीसीचं काय? चार दिवस चाललेल्या हिशोबात एक बिट उलटला तर?

मध्यक | ४ जून, दुपारी २.५८
तो मुद्दा मान्य. ज्यांचं काम आठवडा-आठवडा चालतं त्यांनी ईसीसीचा विचार जरूर करावा. ताईंचं तसं दिसत नाही.

खोडरबर | ४ जून, रात्री ९.४५
बार्देशात वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. आर-बिर मला कळत नाही. पण इथे सगळे प्रोसेसरवर बोलतायत आणि ज्याने मशीन मरतं त्यावर कोणीच नाही.

माझ्या टेबलावर पावसाळ्यात येणाऱ्या दहांतली तीन-चार मशीनं नुसती रॅम काढून परत लावली की चालू होतात. मशीन चालू केलं की टूं-टूं वाजतं, पडदा काळा. पट्टी काढायची, सोनेरी पिनांवर शाळेतला पांढरा खोडरबर अलगद फिरवायचा, भुगा फुंकून टाकायचा, परत बसवायची. किनाऱ्याजवळ, कळंगूट-कांदोळीकडे, खारा वारा असतो. तिथे पंख्याच्या स्क्रूला वर्षात गंज आणि तांब्याला हिरवा मळ. तुमचं कुळागर आत आहे, खार नाही, पण ओल आहे.

१) मशीन रोज चालवा. गरम असतं तोवर आत ओल धरत नाही. चार महिने झाकून ठेवलेलं मशीन चालवलेल्यापेक्षा लवकर जातं.
२) प्लास्टिकचं झाकण घालू नका. आत घाम धरतो.
३) भिंतीला टेकवू नका. मागच्या जाळीतून पाल उबेला आत शिरते. एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, गेली की पालही जाते, एसएमपीएसही जातो. अशा किती काढल्या ते मोजायचं सोडून दिलंय.
४) अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकाला तार नसते.
५) वीज कडाडायला लागली की नेटची केबलसुद्धा काढा. मे महिन्यातल्या वळवात राउटरमधून वीज येऊन मदरबोर्ड गेलेले पाहिलेत.

यूपीएस लाइन-इंटरॅक्टिव्ह घ्या, दाब वरखाली झाला तर तो सांभाळून घेतो. आणि व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीए लिहिलेला बहुतेक ३६० वॅटचा असतो.

कुंभारजुव्याची_काकू | ४ जून, रात्री १०.०२
पालीपर्यंत वाचलं आणि उठून मुलाचा कॉम्प्युटर भिंतीपासून ओढला. मागे पाल नव्हती. २०१९ पासून हरवलेला टीव्हीचा रिमोट होता.

शून्य_गृहीतक | ४ जून, रात्री १०.०६
@काकू, आउटलायर.

आकडेपंच | ५ जून, सकाळी १०.२०
माझं क्षेत्र वेगळं, पण रडगाणं तेच. मी घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीवर काम करतो. २०२२-२३ च्या फेरीत २,६१,७४६ कुटुंबं. दर कुटुंबाच्या पन्नास-साठ वस्तू धरल्या तरी ओळी कोटीच्या वर जातात. मी पूर्वी हे सगळं आरच्या साध्या रीड.सीएसव्हीने वाचायचो. चहा करायचो, पिऊन कप विसळायचो, तरी चालूच.

मग एकदा सगळं पार्केट या रकान्यांनी साठवणाऱ्या फाईल-स्वरूपात करून ठेवलं आणि डकडीबी हा छोटा डेटाबेस लावला. त्यात हव्या त्या रकान्यांनाच हात लागतो, बाकीचे डिस्कवरच राहतात. गोव्याचा दरडोई खर्च काढायला आता कप हातात घेईपर्यंत उत्तर येतं. तेच मशीन, १६ जीबी. एकच बदल केला, जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची एसएसडी, टाकली. फिरत्या डिस्कचे सेकंदाला शंभर-दीडशे एमबी, साध्या साटा एसएसडीचे साडेपाचशे, एनव्हीएमईचे तीन हजारांच्या पुढे.

@पागोळी, लूपमध्ये आरबाइंड (ओळी जोडायचं फंक्शन) करत नाही ना? दर फेरीला मागचा सगळा ढीग उचलून नव्या जागी ठेवायचा आणि वर एक ओळ टाकायची, असं होतं ते.

पागोळी | ५ जून, सकाळी १०.५२
करते. 🙈

आकडेपंच | ५ जून, सकाळी १०.५५
आधी यादीत जमवा, शेवटी एकदाच जोडा. एक जीबी वाचला, फी नको.

तराजू | ५ जून, सायंकाळी ६.३०
थोडं अवांतर. @पागोळी, तुम्ही पावसाचे ईओएफ, म्हणजे डेटातले मुख्य आकृतिबंध, काढतच असाल. त्यामागचा गणिती विचार करूनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने ओळखला जातो, पण १९४३ मध्येच 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस' या लेखात तो मांडला होता दामोदर धर्मानंद कोसंबींनी. जन्म १९०७, गोव्यातलं कोसबे. आता बरेच जण त्याला कोसंबी-करूनेन-लोएव्ह म्हणतात. पुढच्याच वर्षी जनुकांमधल्या अंतराचं त्यांचं सूत्र आलं, ते पीक-पैदाशीची सॉफ्टवेअरं आजही वापरतात.

आणि ही आहत, म्हणजे ठसे मारलेली प्राचीन नाणी. हजारो नाणी एकेक करून त्यांनी स्वतः तराजूत तोलली. हातोहात फिरून नाणं झिजतं, झिजेबरोबर सरासरी वजन घटतं आणि वजनांचा पसाराही वाढतो, त्यावरून नाण्यांचा काळाचा क्रम लावायचा. प्रबंधात प्रस्तावनेला एक ओळ तरी टाका.

बेती_फेरी | ५ जून, सायंकाळी ६.४४
त्यांच्याकडे रॅम किती होती?

तराजू | ५ जून, सायंकाळी ६.५१
मी नाव उगाच घेतलं नाही माझं.

पागोळी | ५ जून, रात्री ८.१०
@तराजू, ईओएफ तीन वर्षं काढतेय आणि हे मला माहीत नव्हतं. गाइडना आत्ता फोन केला. त्या म्हणाल्या, "माहीत होतं, मला वाटलं तुलाही असेल." असो.

सफरचंदी | ६ जून, सकाळी ९.१५
छोटा मॅक मिनी कोणीच सुचवला नाही? मी एम-४ वापरते. आवाज नाही, गरम होत नाही, वीज इतकी कमी की लहान यूपीएसवरही बराच वेळ तग धरतो. आर २०२१ पासून ॲपलच्या चिपवर थेट चालतो आणि ॲपलची स्वतःची मॅट्रिक्सची लायब्ररी त्याला जोडता येते.

फोंडेकर | ६ जून, सकाळी ९.५०
यंत्र उत्तम, पण रॅम जन्माला येताना जेवढी तेवढीच. सुरुवातीच्या १६ वरून वर जायला ते जे पैसे मागतात त्यात आमच्याकडे काजूची अर्धी बाग शिंपून होते.

पण लायब्ररीचा विषय काढलात ते बरं झालं. विंडोजवर आर उतरवला की त्यासोबत येणारा ब्लास, म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार करणारा भाग, साधा आणि एककोअरी असतो. मी लिनक्सवर ओपनब्लास बसवला. ५,००० गुणिले ५,००० च्या मॅट्रिक्सला आधी दीड मिनिट लागायचं, मग दोन सेकंद. पैसे शून्य. एकच सांभाळा. वरून चार वर्कर (आरच्या समांतर चालणाऱ्या प्रती) लावले आणि प्रत्येक वर्करने आठ थ्रेड उघडले तर बत्तीस जण एका न्हाणीत. ब्लासचे थ्रेड तेव्हा १ वर आणून ठेवा.

आणि जमलं तर लिनक्सच घ्या. विंडोजवर फोर्क, म्हणजे चालू प्रोग्रामची जुळी फांदी काढायची सोय, नाही. आरचं समांतर काम वाटणारं एमसीएलॲप्लाय तिथे एकाहून जास्त कोअर घेतच नाही, आणि दुसऱ्या पद्धतीने वर्कर उघडले तर प्रत्येकाला डेटाची वेगळी प्रत. २.३४ जीबी गुणिले चार, करा हिशोब. लिनक्सवर सगळे एकाच ताटातून जेवतात, हात लावेपर्यंत नवं ताट वाढावं लागत नाही.

मध्यक | ६ जून, दुपारी १२.०५
+१. एक भर: प्रोसेसर घेताना नुसते कोअर मोजू नका. काहींत मोठे आणि छोटे असे दोन तऱ्हेचे कोअर असतात. काम समान वाटलंत तर मोठे आटोपून बसतात आणि छोट्यांची वाट बघतात.

ढगात_हात | ६ जून, रात्री ११.३०
वर्षातून दहा दिवसच मोठं मशीन लागत असेल तर क्लाउडवर तासाने भाड्याने घ्या. फक्त झोपायच्या आधी बंद करा. मी एकदा १२८ जीबीचं चालू ठेवून चवथीला गावी गेलो. पाच दिवसांनी मेल उघडला. त्या वर्षी गणपतीवरच्या माटोळीला बांधायची सुपारीसुद्धा मला महाग वाटली.

वाळपईकर | ७ जून, सकाळी ७.३०
सगळं बरं, पण पाव अंशाच्या चौकोनात घाटमाथा आणि पायथा एकत्र बसतात. अख्ख्या गोव्यावर असे चौकोन पाच-सहा. आमच्याकडे धो धो आणि दहा किलोमीटरवर ऊन, हे कुठला कॉम्प्युटर दाखवणार?

पागोळी | ७ जून, सकाळी ८.२०
काका, तेच माझं तिसरं प्रकरण. पर्जन्यमापकांचे आकडे जोडून प्रतिमान बसवायचंय. म्हणून तर स्टॅन हा प्रतिमानं बसवणारा प्रोग्राम लागतो आणि रात्रभर चालतो.

पागोळी | २९ जून, रात्री ९.४०
धागा वर काढतेय, हिशोब द्यायला. आज महालनोबिसांची जयंती, सांख्यिकी दिन, मुहूर्त बरा आहे.

आधी खरेदी केलीच नाही. फोंडेकरांनी सांगितलेली पट्टी सीडीओने कापली, रोजच्या बेरजा केल्या, आरबाइंड हद्दपार केला. जुन्या लॅपटॉपवर दोन प्रकरणांचं काम बिनबोभाट चाललं. बाबांनी लगेच विचारलं, "मग आता नको ना?"

पण स्टॅन काही बधेना. १,११३ ठिपक्यांचं सहप्रसरण मॅट्रिक्स जेमतेम १० एमबीचं, रॅमला त्याचं काही नाही. पण ते दर पावलाला नव्याने फोडायचं, हजारो वेळा, आणि साखळ्या, म्हणजे नमुने काढायच्या स्वतंत्र फेऱ्या, चार. इथे प्रोसेसरच हवा. म्हणून डेस्कटॉप जुळवून घेतला: आठ कोअर, सगळे एकाच तऱ्हेचे, एक टीबी एनव्हीएमई, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच, १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. उबुंटू लिनक्स आणि ओपनब्लास. रॅम १६ च्या दोन पट्ट्या. फोंडेकर, रागावू नका. भाव ऐकून घरी आले आणि तुमचंच गणित केलं: २.३४ तिप्पट, वर थोडं, ३२ पुरतात. उरलेल्या पैशात इलेक्ट्रिशियन बोलावला. खोडरबरदादा, तिसऱ्या भोकाला खरंच तार नव्हती.

चार साखळ्या, जुन्यावर रात्र सरून सकाळचे दहा व्हायचे. आता सव्वातीन तास. परवा दोन तास झाले असताना माडाची झावळी तारेवर पडली आणि वीज गेली. यूपीएस कोकलायला लागला, आजी आतून ओरडली, "कुकर बंद कर गो!" बावीस मिनिटं निभली, तेवढ्यात वीज आली. साखळ्या तुटल्या नाहीत.

फोंडेकर | २९ जून, रात्री १०.०५
राग कसला, गणित बरोबर आहे. अख्खा देश घ्याल तेव्हा बोलू.

खोडरबर | २९ जून, रात्री १०.३०
मशीन भिंतीपासून किती लांब?

पागोळी | २९ जून, रात्री १०.३३
वीतभर.

खोडरबर | २९ जून, रात्री १०.३४
दोन कर.